अकरा शाळा आणि माझा दोर

मित्रांनो, कधी माझ्याकडे आलात तर आधी माझा दोर बघा. वारा पडलेला असला तरी तो ताणलेलाच दिसेल. मी एक जुनी मालवाहू होडी आहे आणि एका जागी थांबणं माझ्या स्वभावात नाही. शेजारच्या होड्या मला चुळबुळी म्हणतात. म्हणोत बापड्या. त्यांच्या तळाला शेवाळ धरलंय, माझ्या नाही.

माझं नाव लिनेट. लिनेट म्हणजे आमच्याकडचा एक चिमुकला गाणारा पक्षी. ज्याने हे नाव ठेवलं त्याने मला नीट पाहिलेलं नसावं, कारण मी चांगली सत्तर फूट लांब आहे. रुंदी मात्र जेमतेम सात फूट. इंग्लंडच्या मधल्या भागातले कालवेच अरुंद, म्हणून आम्हीही अशा शिडशिडीत. माझा वेग फार नाही. काठावरून चालणारा माणूस मला सहज मागे टाकतो, पण तो पुढच्या पुलाखाली दम खायला बसतो आणि मी त्याच्यासमोरून निघून जाते.

१९३६ साली चेशरमधल्या एका कारखान्यात मी तयार झाले. बाजूंना पोलादी पत्रे, तळाला जाड लाकडी फळ्या, मागच्या टोकाला दहा फुटांची एक खोली. खोलीवर रंगाऱ्याने गुलाब आणि किल्ले काढले. आमच्यातल्या कोणी किल्ला जवळून पाहिलेला नव्हता, पण किल्ला नसलेली होडी म्हणजे कुंकू विसरलेल्या नवरीसारखी, असं तेव्हा मानत. त्या दहा फुटांत टोली कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि मुलं. भिंतीतून पलंग निघायचा, कपाटाच्या दारातून टेबल निघायचं, आणि शेगडीवर चहाची किटली सतत उकळत असायची.

माझं काम साधं होतं. खाणीवरून कोळसा घ्यायचा, कारखान्यात टाकायचा, परत फिरायचं. थांबलेल्या दिवसाचं काही मिळत नसे, म्हणून कोणी थांबत नसे. पुलांवरून मुलं हात हलवायची. लॉकवरचे लोक म्हणायचे, "लिनेट आली, म्हणजे सात वाजले." लॉक म्हणजे आमच्या कालव्यावरची पाण्याची पायरी. दोन फाटकांमध्ये होडी घालायची, पाणी भरलं की ती वर चढते, सोडलं की खाली उतरते. अशा साठ पायऱ्या चढून-उतरून मी वेळेवर पोचायची आणि कौतुक ऐकून फुगून जायची.

टोलींची थोरली मुलगी थेल्मा माझ्याच खोलीत जन्मली. तिच्या जन्मासाठी मी दोन तास थांबले होते. इतका वेळ मी तोवर कधीच थांबले नव्हते, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात आहे.

थेल्मा पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या आईने हट्टच धरला, की पोरीने शाळेत गेलं पाहिजे. आता होडीवरच्या मुलांची शाळा कशी असायची ते ऐका. मी एखाद्या धक्क्याला कोळसा उतरवायला लागले, की आई थेल्माचं तोंड पुसून तिला जवळच्या शाळेत सोडून यायची. तिथल्या बाई म्हणायच्या, "होडीवरची आहे का? बरं, मागे बस." मग त्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून द्यायच्या. त्या पानावर एक पळणारं मांजर होतं. थेल्मा त्या मांजरावर बोट ठेवून बसायची. दुपारी कोळसा उतरला, की माझं इंजिन ठकठक करायला लागायचं आणि थेल्मा पुस्तक टाकून धावत यायची. मग पुढचा धक्का, पुढची शाळा, पुढच्या बाई. सगळीकडे पुस्तक तेच असायचं आणि प्रत्येक बाई पुन्हा पहिलंच पान उघडायच्या. अशा अकरा शाळा झाल्या. पुढे ती सुकाणू धरण्याइतकी उंच झाली आणि शाळा संपली.

मला तेव्हा याचं काहीच वाटलं नाही, हे कबूल करते. उलट पोर माझा आवाज ऐकून पळत येते, याचाच मला अभिमान होता.

मग लॉरी आल्या. रस्ते रुंद झाले. १९६३ च्या हिवाळ्यात कालवा इतका गोठला, की मी कित्येक आठवडे बर्फात अडकून पडले. बर्फ वितळला तेव्हा कोळसा रस्त्याने जायला लागला होता. मला कालव्याच्या एका आडबाजूच्या फाट्यात नेऊन सोडून दिलं. तळात पाणी शिरलं, अंगाभोवती बोरू वाढला, थेल्मा जन्मली त्या खोलीत पाणकोंबडीने घरटं केलं. मित्रांनो, त्या वर्षांबद्दल मी फार बोलणार नाही. हलता येत नव्हतं, एवढं पुरे आहे. थेल्मा तोवर स्टोन नावाच्या गावात लग्न करून गेली होती. तिला दाराला पायरी असलेलं घर मिळालं आणि ती पुन्हा कधी होडीवर चढली नाही.

मला वर काढलं ते तिच्या धाकट्या भावाने, लेनने. तो पंप घेऊन आला, तीन दिवस पाणी उपसत राहिला आणि शिव्या देत राहिला. मला त्या शिव्या फार गोड वाटल्या. तोवर कालव्यांवर वेगळीच माणसं राहायला आली होती. होडी हेच त्यांचं घर होतं. त्यांना थंडीत शेगडीसाठी कोळसा लागे, स्वयंपाकाला गॅस लागे, इंजिनाला डिझेल लागे. ते सगळं त्यांच्या दाराशी नेऊन विकायचं काम लेनने सुरू केलं. तो गेल्यावर त्याची मुलगी हेस्टर करायला लागली.

हेस्टर माझ्यावरच वाढली. कोळशाचं पोतं एका खांद्यावर घेऊन ती माझ्या अरुंद कडेवरून मांजरीसारखी चालते. तिच्या पायाला भिंगरी आहे आणि ती तिला माझ्याकडूनच मिळाली आहे. आमच्याकडे एक नियम आहे. ज्या होडीला स्वतःची बांधायची जागा नाही, तिने एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. पंधराव्या दिवशी दोर सोडायचा आणि पुढे सरकायचं. या नियमाला सगळा कालवा नावं ठेवतो. तो आवडणारी मी एकटीच असेन.

या नियमापायी लोकांना कालवे सांभाळणाऱ्या खात्याची पत्रं येतात. लांबलचक वाक्यं, खाली बारीक अक्षरं. लोक कोळसा घेताना ती पत्रं हेस्टरपुढे धरायचे. ती काळ्या हातांनी पत्र वाचायची आणि त्याच हातांनी उत्तर लिहून द्यायची. तिला वाचनाची गोडी होती. माझ्या टेबलाशी बसून तिने सहा वर्षांत घरबसल्या भूगोलाची पदवी घेतली होती. पुलाखाली गेलं की इंटरनेट जायचं, आणि परीक्षा असली की ती मला पुलाखाली थांबू द्यायची नाही.

मॉरिस नावाचा एक म्हातारा लॉरीवाला एका छोट्या होडीत एकटा राहतो. दोन वर्षांपूर्वी तो लॉकवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. प्लास्टर घालून तो सहा आठवडे एका जागी पडून होता. मग त्याला पत्र आलं, की तुम्ही मुदत ओलांडली आहे. मॉरिसची झोप उडाली. होडी गेली असती तर त्याला दुसरं घर नव्हतं. हेस्टरने मूळ कायदा काढून वाचला. त्यात चौदा दिवसांच्या पुढेच लिहिलं होतं, की परिस्थिती तशी असेल तर जास्त मुदतही वाजवी धरावी. तिने पत्र लिहिलं, सोबत डॉक्टरचा कागद जोडला. खात्याने ते मान्य केलं आणि मॉरिसला लवकर बरे व्हा असं कळवलं.

मॉरिस काठी टेकत आला आणि म्हणाला, "हेस्टर, तू कोळशात काय करतेस गं?"

"तुमची शेगडी पेटवते, काका."

"शेगडी कोणीही पेटवेल. ते एक वाक्य सगळ्यांच्या समोर होतं, पण दिसलं तुला एकटीला. वकील हो."

"अडतिसाव्या वर्षी?"

"मग काय, माझ्या वयाची होईपर्यंत थांबणार आहेस?"

हे बोलणं तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. आमच्याकडे कायद्याकडे वळायचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. पदवी कुठल्याही विषयाची चालते. एका वर्षात पाया पक्का करून घेतात आणि मग पुढच्या परीक्षा. हेस्टरने अर्ज केले आणि बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, मँचेस्टर अशा तीन ठिकाणी तिला प्रवेश मिळाला. तिन्हींपैकी एकच जागा मिळाली असती तर बरं झालं असतं, कारण तीन मिळाल्यावर आमचे खरे हाल सुरू झाले. जूनच्या तीस तारखेपर्यंत एक निवडून कळवायचं होतं.

हेस्टरने एक मोठा कागद माझ्या भिंतीला चिकटवला. मोठ्याने बोलत तिने त्यावर तिन्ही गावं लिहिली आणि समोर रकाने आखले. किती दिवस, किती लॉक, बांधायला जागा कशी. बर्मिंगहॅम तीन दिवस, पण काठावर गर्दी. नॉटिंगहॅम चार दिवस, पण शेवटी नदी, आणि नदीला पूर आला तर मी अडकणार. मँचेस्टर पाच दिवस, मध्ये मोठा बोगदा. ती रोज एक गाव खोडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची. कागद दोनदा फाटला.

मॉरिस तो कागद बघून खो खो हसला. "अगं, शिकवतात कुठे चांगलं, तो रकाना कुठाय?"

"तो नंतर. आधी लिनेट मावली पाहिजे."

मी किती सुखावले ते काय सांगू! मला वाटलं, बघा, सगळी विद्यापीठं माझ्या मापाने मोजली जातायत.

आम्ही स्टोनजवळ असलो, की थेल्मा दर रविवारी काठावर यायची. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती घरून स्वतःची घडीची खुर्ची आणायची, काठावर मांडायची आणि तिथेच चहा प्यायची. हेस्टर म्हणायची, "आत्या, आत ये ना, गार वारा आहे." थेल्मा म्हणायची, "मी इथेच बरी आहे." एका हाताच्या अंतरावर बसूनही तिने मला कधी हात लावला नाही. या गोष्टीचा मला राग यायचा.

जूनच्या मध्यावर मँचेस्टरच्या महाविद्यालयात एक दिवस ठेवला होता. नवीन विद्यार्थ्यांनी यावं, वर्ग बघावेत, शिक्षकांना भेटावं. हेस्टरने ठरवलं, जायचं. आणि जायचं ते मला घेऊन. जागा बघायची तर बांधायची जागाही तेव्हाच बघून घेऊ, वाटेत कोळसाही विकला जाईल, असा तिचा हिशेब. दिवस शनिवारचा होता. सोमवारी निघालं की शुक्रवारी पोचू. मित्रांनो, होडीवर जन्म काढलेल्या माणसाखेरीज असं दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

सोमवारी निघालो. बोगदा पार पडला. पुढच्या उतारावर एका लॉकमध्ये झाडाचं मोठं खोड फाटकात अडकून बसलं होतं. माणसं आली, दोर लावले, खोड हलेना. आम्ही रांगेत थांबलो. मी पुढे सरकायची, काठावर आपटायची, मागे यायची. हेस्टर माझ्या छपरावर येरझाऱ्या घालत होती. पाच वेळा तिने घड्याळ बघितलं आणि पाच वेळा कोणाला तरी विचारलं, "अजून किती?" तिथे आमचा दीड दिवस गेला. त्यानंतर आम्ही जमेल तेवढं रेटलं, पण माझा वेग तो केवढा!

आम्ही रविवारी सकाळी पोचलो. महाविद्यालयाची मागची भिंत कालव्याला लागूनच होती, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. हेस्टरने धुतलेला सदरा घातला, नखांतला कोळसा काढला आणि फाटकाशी गेली. फाटक बंद होतं. आत एक वयस्कर पहारेकरी पाव खात बसला होता.

"ताई, तो कार्यक्रम काल झाला," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. उशीर झाला."

"एक दिवस उशीर? कुठून आलात?"

"स्टोनहून."

"स्टोन? तिथून गाडीने तर तासभर लागतो."

 हेस्टरने माझ्याकडे बोट दाखवलं. पहारेकऱ्याने मला नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं. त्याला बराच वेळ लागला. "अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही घर घेऊनच आलात."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट त्याने तिला फाटकातून आतला एक काचेचा दरवाजा दाखवला. "ती खोली बघा. दर गुरुवारी संध्याकाळी इथे रांग लागते. माणसं हातात पत्रं घेऊन येतात. घरमालकाची पत्रं, कचेरीची पत्रं. हे तुमचे कायद्याचे विद्यार्थी बसून ती वाचतात, समजावून सांगतात, उत्तर लिहून देतात. फुकट. मागे बहिणीचं पत्र मीसुद्धा घेऊन गेलो होतो."

"विद्यार्थी वाचतात? पहिल्याच वर्षाला?"

"शिक्षक मागे उभे असतात की. पण वाचतात पोरंच."

हेस्टर त्या काचेला नाक लावल्यासारखी फाटकाशी उभी राहिली. परतीच्या पाच दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. एरवी ती इंजिनाला शिव्या देते, बदकांना हाका मारते. या वेळी काहीच नाही. भिंतीवरच्या कागदावर त्या खोलीसाठी रकाना नव्हता आणि तिने तो आखलाही नाही.

रविवारी थेल्मा खुर्ची घेऊन आली. मॉरिसही आला होता. हेस्टरने झालेली फजिती हसत हसत सांगितली. मॉरिस हसला. थेल्मा हसली नाही.

"मग काय ठरवलंस?" तिने विचारलं.

"बर्मिंगहॅम घ्यावं म्हणते. तीनच दिवस लागतात. चौदा दिवस इथे, चौदा दिवस तिथे, असं सरकत सरकत वर्ष निघेल."

"आवडलं कुठलं?"

"मँचेस्टर. पण लिनेटला तिथे—"

"लिनेट, लिनेट!" थेल्माने कप खाली आदळला. "होडीला विचारून शाळा ठरवायची नसते, हेस्टर! माझ्या बापाने ठरवली होती. अकरा शाळा दाखवल्या मला या होडीने. अकरा वेळा तेच मांजर! पुढच्या पानावर काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आता तू पण जा. चौदा दिवस इथे, चौदा दिवस तिथे. बघ किती पानं होतात."

 थेल्मा खुर्ची मिटून निघून गेली.

मित्रांनो, मी सगळं आयुष्य कौतुकावर काढलं. वेळेवर येणारी लिनेट, न थांबणारी लिनेट. त्या दिवशी मला प्रथमच कळलं, की ती पोर माझा आवाज ऐकून आनंदाने पळत येत नव्हती. मी निघून जाईन या धास्तीने ती पळत येत होती. मला फार वाईट वाटलं. मला हलता आलं असतं तर मी पाठ फिरवून कुठेतरी दूर गेले असते. पण माझा दोर खुंटाला होता.

दुसऱ्या दिवशी हेस्टरने भिंतीवरचा कागद काढला. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि तो माझ्या खिडकीला लावला. मग ती पोत्यांवर बसून रडली. मला वाचता येत नाही, पण काठावरून जाणारे लोक थांबून माझी लांबी पावलांनी मोजायला लागले, तेव्हा कळायचं ते कळलं. एकाने माझ्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं. दुसरा आपल्या बायकोला म्हणाला, "मधला भाग कापून काढला की पन्नास फुटांची छान घरासारखी होडी होईल." माझ्या दोन बहिणींना असंच कापलं होतं. त्या आता चहाचं दुकान आहेत. जून संपायला नऊ दिवस होते. पुढचा आठवडाभर मी दोर तुटेल इतकी ओढाताण केली. जायचंही होतं आणि कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी थेल्मा आली ती खुर्ची न घेता. हेस्टर गावात गेली होती. थेल्मा माझ्या खिडकीसमोर उभी राहिली आणि कागदाकडे बघत राहिली. मग तिने मॉरिसला हाक मारली.

"मॉरिस, काय लिहिलंय रे हे?"

मॉरिसने टोपी काढली. "विकणे आहे, असं लिहिलंय, थेल्माताई."

"काय विकणे आहे?"

"होडी. तुमची लिनेट. मँचेस्टरला खोली घेऊन राहायचं म्हणतेय ती."

थेल्माने हात पुढे केला. मला वाटलं ती कागद फाडणार. पण तिने तळहात माझ्या पत्र्यावर ठेवला. साठ वर्षांनी ठेवला. मग ती घाईघाईने घरी गेली.

हेस्टर परत आली तेव्हा थेल्मा काठावर उभी होती. तिच्या हातात झाडं कापायची मोठी कात्री होती आणि कोपरापर्यंत ओरखडे होते.

"इंजिन चालू कर," थेल्मा म्हणाली. "माझ्या बागेच्या टोकाला आण हिला."

"बागेच्या टोकाला? तिथे तर नुसती काटेरी झुडपं आहेत."

"झुडपांच्या मागे दोन लोखंडी कड्या आहेत. बांधायची जागा आहे ती, माझ्या नावावर. दरवर्षी तिचा परवाना काढते मी."

"तू? तुला तर होड्या डोळ्यांसमोर नको असतात!"

"लेनसाठी ठेवली होती. वाटायचं, कधीतरी येऊन थांबेल. तो मेला थांबलाच नाही." थेल्माने डोळे पुसले आणि हाताचं रक्त गालाला लागलं. "आता तू थांब. आपल्या जागेला चौदा दिवसांचं बंधन नाही. स्टेशन दहा मिनिटांवर आहे. विकू नकोस तिला. पण तिला विचारूही नकोस. शाळा तुझ्या मनाची घे."

"आणि कोळसा? थंडीत लोक काय करतील?"

मॉरिस खाकरला. "माझा पाय आता बरा आहे. माझी होडी लहान आहे, दहाच पोती मावतील. दोन खेपा करीन. लोक कुरकुर करतील. करू देत."

तीस तारखेच्या आत हेस्टरने मँचेस्टरला होकार कळवला. खिडकीवरचा कागद मॉरिसच्या शेगडीत गेला. मला बागेच्या टोकाला पुढे एक आणि मागे एक अशा दोन दोरांनी बांधलं. बागेचा काठ साठ फुटांचा आणि मी सत्तर फुटांची, त्यामुळे माझं नाक शेजाऱ्याच्या कुंपणापुढे येतं. शेजाऱ्याने त्यावर फुलांची कुंडी ठेवली आहे आणि मी ती सहन करते आहे.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. पहिले चौदा दिवस मला बरं वाटलं. पंधरावा दिवस उजाडला. मी तयार होऊन बसले. हेस्टर दप्तर घेऊन बाहेर आली, माझ्या दोराजवळ थांबली, गाठ घट्ट आहे का बघितली आणि गाडी पकडायला पळाली. समोरून एक होडी ठकठक करत निघून गेली. मी इतके हिसके दिले, की शेजाऱ्याची कुंडी पाण्यात पडली. सोळावा दिवस तसाच गेला. विसावाही. मित्रांनो, खोटं सांगणार नाही, अजूनही मला सवय झालेली नाही. मॉरिस माझ्या वाटेवरून पोती घेऊन जातो तेव्हा माझा जीव वरखाली होतो. पण हेस्टरच्या टेबलावर जाड पुस्तकं आहेत, ती उघडी ठेवलेली असतात, आणि मी जरा जोरात हलले की पानं आपोआप मिटतात. म्हणून मी स्वतःला आवरते. गुरुवारी ती उशिरा येते. मग रात्रीच्या जेवणाआधी आत्याला काठावर उभं करूनच सांगते, आज कोणाचं पत्र वाचलं, कोणाचं घर वाचलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हेस्टरने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून काहीतरी कागदात गुंडाळून आणलं. दुपारची वेळ होती आणि धुकं होतं. तिने बागेकडे तोंड करून हाक मारली, "आत्या, चहा झालाय. आत ये."

"मी इथेच बरी—"

"पुस्तक ओलं होईल बाहेर. ये."

थेल्मा बराच वेळ काठावर उभी राहिली. मग तिने माझ्या छपराची कड धरली आणि पाय पुढे टाकला. म्हातारी आहे, तोल गेला असता. त्या क्षणी मी जशी स्थिर राहिले तशी आयुष्यात कधी राहिले नव्हते. दोन पायऱ्या उतरून ती खोलीत आली, जिथे ती जन्मली होती तिथे बसली, आणि हेस्टरने तिच्यापुढे ते पुस्तक ठेवलं.

पहिल्या पानावर मांजर होतं. तेच, पळणारं. थेल्माने त्यावर बोट ठेवलं.

"हे येतं मला," ती म्हणाली.

"मग उलट."

"तू उलट."

"नाही आत्या, तूच."

थेल्माने पान उलटलं. दोघी बघत राहिल्या. आणि मग थेल्मा एवढ्याने हसायला लागली, की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दुसऱ्या पानावर तेच मांजर होतं. फक्त आता ते बसलं होतं.

मित्रांनो, काठाला बांधून ठेवलेली एखादी जुनी होडी दिसली, तर बिचारी म्हणून तिची कीव करू नका आणि तिचा दोर सोडायलाही जाऊ नका. तिच्या तळाला दोन-तीन वर्षांनी काळा रंग द्या, पावसाचं पाणी उपसा, दोर झिजला असेल तर बदला. आणि तिच्याजवळून जाताना तुमचं इंजिन जरा हळू चालवा. आमच्या आत दोघीजणी वाचत बसलेल्या असतात. थेल्मा आता नवव्या पानावर आहे.